भरली बादली, उपाशी हात

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. पाणी भरायची नव्हे, पंगतीत वाढायची. माझं अंग पोलादाचं आहे. लोखंडात थोडं क्रोमियम आणि निकेल मिसळलेलं असल्यामुळे इतक्या वर्षांत मला गंज चढला नाही. माझ्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं आहेत : 'गुंजवणे ग्रामस्थ'. आपली कहाणी सांगताना वस्तूंनी हळवं व्हावं अशी रीत आहे. मीही थोडी होईन. पण आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे.

एका कारखान्यात पत्र्याची चकती साच्यावर ठेवून दाबली आणि माझा जन्म झाला. पुढे भोरच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात मी एकावर एक रचलेल्या बादल्यांमध्ये उभी होते. गुंजवण्याच्या लोकांनी वर्गणी काढली होती. चिमाजी नावाचे म्हातारे गृहस्थ चार माणसं घेऊन आले, त्यांनी प्रत्येक बादलीच्या तळावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि आम्हाला पसंत केलं. आमच्याबरोबर पातेली, परात, ओगराळी असा सगळा संसार टेम्पोत चढला आणि राजगडाच्या पायथ्याशी आला. देवळाशेजारच्या खोलीत आम्हाला ठेवलं. किल्ली चिमाजींच्या करगोट्याला. ज्याच्या घरी लग्न त्याने भांडी न्यायची, राखेने घासून परत आणायची. भाडं कुणालाच नव्हतं.

भात झोडून झालं, तुळशीचं लग्न लागलं, की आमचे दिवस सुरू होत. मी आमटी वाहिली, बुंदी वाहिली, एखाद्या हौशी घरी बासुंदीसुद्धा. वाढणारे भावकीतलेच असत. कुणाला त्यासाठी आणावं लागत नसे, उलट वाढायला मिळालं नाही म्हणून रुसणारे असत. बाळाबाई पासलीहून गुंजवण्याला सून म्हणून आली, तेव्हा तिच्या लग्नाची बुंदी माझ्यातूनच वाढली गेली. पुढे ती स्वतः बायकांच्या पंगतीत वाढू लागली. तिचा हात असा, की वाकायची, ओगराळं उचलायची आणि एक थेंबही पानाबाहेर सांडत नसे. 'बाळाबाई आली, आता पोट सांभाळा गं,' अशी बायका थट्टा करत, कारण तिच्या आग्रहापुढे कुणाचं चालत नसे.

मग पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला लॉन उभी राहिली. लग्नं डोंगरातून उतरून तिकडे गेली. आमच्या खोलीचं कुलूप वर्ष-वर्ष उघडेना. चिमाजी वारले. गावाला देवळासाठी मोठे स्पीकर हवे होते, तेव्हा आम्हाला मोडीत काढलं. मोडवाल्याकडून नसरापूरच्या अलीकडच्या एका लॉनने मला घेतलं. तेव्हाही मी रागावले नाही. भांड्याला काम मिळालं की पुरे, असं मला वाटलं.

तिथे मी पहिल्यांदा पाहिलं, की वाढणारी माणसं भाड्याने येतात.

हनुमंत नावाचा एक सुपरवायझर ती आणतो. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन वाड्यावस्त्यांवर जातो, आणि सकाळी त्याचा टेम्पो बायकांना गोळा करत येतो. काम एका दिवसाचं. उद्या बोलावणं येईल की नाही हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून आज कुणी तोंड उघडत नाही. आल्याबरोबर मोबाईल एका पिशवीत जमा होतात. साडीवर लाल जाकीट, केसांवर जाळी, हातात प्लास्टिकचे मोजे. बसायचं नाही. पाहुण्यांशी बोलायचं नाही. पाणी जपून प्यायचं, कारण स्वच्छतागृह पाहुण्यांसाठी आहे. आणि या बायकांना नाव नसतं. जिच्या हातात जे भांडं, ते तिचं नाव. 'ए भात, इकडे ये.' 'ए मठ्ठा, झोपलीस का?' मी आयुष्यभर भांडं म्हणून जगले, मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण माणसाला भांड्याच्या नावाने हाक मारलेली मी गुंजवण्यात कधी ऐकली नव्हती.

एका लग्नाला बाळाबाई आली. केस पिकलेले, सोबत सून मंगल. भांड्यांच्या ढिगात तिने मला पाहिलं. अक्षरं तिला वाचता येत नाहीत, पण ठिपक्यांवरून तिने बोट फिरवलं आणि मंगलला म्हणाली, "ही आमच्या देवळातली. हिला म्याच घिनार." त्या दिवसापासून ती आली की मला शोधायची. मंगलला मागच्या बाजूला ताटं धुवायचं काम असे.

आता त्या दिवसाचं सांगते.

माघातलं लग्न होतं. टेम्पो अंधारातच निघाला होता. बाळाबाईला साखरेचा आजार आहे, आणि रोज सकाळी तिला एक गोळी घ्यावी लागते. ही गोळी रक्तातली साखर उतरवते. गोळीनंतर पोटात अन्न गेलं तर ती औषध असते. नाही गेलं तर ती साखर उतरवतच राहते, थांबायचं कुठे ते तिला कळत नाही. बाळाबाईने गोळी चहाबरोबर घेतली, कारण नाश्ता लॉनवर मिळेल असं हनुमंतने सांगितलं होतं. लॉनवर आल्यावर कळलं, की नाश्ता घरच्या पाहुण्यांपुरताच आहे.

दुपारी तरी जेवण होईल, या भरवशावर ती राहिली. पण नवरदेवाचे मित्र फाटकापाशी डीजेसमोर नाचत होते. मुहूर्त टळला. भटजी घड्याळ दाखवून दमले. आत टेबलांवर पानं मांडलेली, आणि पानांच्या मागे हातात भांडी घेऊन उभ्या बायका. माझ्यात काठोकाठ बासुंदी होती. अक्षता पडेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं.

मित्रांनो, माणसाच्या हाताबद्दल डॉक्टरांच्या आधी बादलीला कळतं. माझ्या कडीला आधी बारीक थरथर जाणवली, वीज वाहणाऱ्या तारेसारखी. मग प्लास्टिकच्या मोज्यातून पाणी ठिबकू लागलं. तो घाम होता, आणि तो गार होता. कष्टाचा घाम ऊबदार असतो. मी खूप हातांत गेले आहे, मला फरक कळतो. मला ओरडायचं होतं. बादलीला ओरडता येत नाही, वाजता येतं, तेही कुणी आपटली तर.

तुम्ही विचाराल, तिच्या हातात बासुंदीची बादली होती, मग एक ओगराळं तिने तोंडाला का लावलं नाही? मीही तेच मनात म्हणत होते. पण बाळाबाई गुंजवण्याची वाढपीण होती. पंगत उठल्याशिवाय वाढणाऱ्याने भांड्यातलं चाखायचं नाही, नाहीतर सगळ्यांचं अन्न उष्टं होतं, हे तिच्या अंगात मुरलेलं. गावात या नियमाला दुसरी बाजू होती. पंगती उठल्या की यजमान स्वतः कमरेला उपरणं बांधायचा, वाढप्यांना बसवायचा आणि आपल्या हाताने वाढायचा. वाढपी उपाशी उठला तर लग्न लागलंच नाही असं मानायचे. लॉनने या रीतीचा अर्धा भाग उचलला. हात बांधणारा अर्धा भाग खाली आला, पोट भरणारा अर्धा वर डोंगरातच राहिला. आणि बाळाबाई, पंचावन्न वर्षांची शहाणी बाई, त्या अर्ध्या रीतीला पूर्ण समजून पाळत होती. भर म्हणून कोपऱ्यात कॅमेरा होता. भांड्यातलं खाताना कुणी दिसलं, तर त्या गावच्या सगळ्या बायकांचं बोलावणं बंद, असा हनुमंतचा दंडक.

दुसऱ्या पंगतीत तिने बासुंदी वाटीऐवजी एका गृहस्थाच्या भातावर ओतली. पुढच्या पानावरच्या गृहस्थाच्या तर कोटाच्या बाहीवरच ओगराळं गेलं. जिच्या हातून कधी थेंब सांडला नव्हता, तिच्या हातून. ते गृहस्थ उठून उभे राहिले. बाळाबाई त्यांच्याकडे बघत काहीतरी पुटपुटली, शब्द जड आणि उलटेसुलटे. रक्तातली साखर उतरली की मेंदू उपाशी पडतो आणि माणूस असाच बोलतो.

"पिऊन आलीय का काय ही?" गृहस्थ म्हणाले. शेजारची माणसं हसली. कुणीतरी मोबाईल काढला.

हनुमंत धावत आला. त्याने तिचा दंड धरला आणि तिला पडद्यामागे नेलं. मी तिच्या मुठीत तशीच होते, सोडायचंही तिला सुचत नव्हतं. पडद्यामागे तिचे पाय मुडपले. ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि मी फरशीवर आदळले. तेव्हा मी वाजले. आयुष्यात एवढ्या मोठ्याने कधीच वाजले नव्हते.

त्या आवाजाने मंगल आली. हात साबणाने भरलेले. तिने सासूचा चेहरा पाहिला आणि काय झालंय ते तिला कळलं, कारण घरी एकदा असंच झालं होतं.

"उठवा हिला, मागच्या दारानं बाहेर काढा," हनुमंत म्हणत होता. "दारू पिऊन कामावर येतात."

"पिलेली न्हाई ती," मंगल म्हणाली. "उपाशी हाय."

तिने ओगराळं उचललं आणि माझ्यात बुडवलं. हनुमंतने माझी कडी धरली. एका बाजूने तो ओढत होता, दुसऱ्या बाजूने ती.

"ताई, भांड्याला हात लावू नका. वर कॅमेरा आहे. माझं कंत्राट जाईल."

"दिसू दे कॅमेऱ्याला. ह्यात साखरच हाय ना? माणूस मेल्यावर काय वाढनार हायस, तेराव्याला?"

त्याने कडी सोडली. मंगलने सासूला सरळ बसवलं. "आत्ती, गिळा. माझ्याकडं बघा. गिळा." पहिला घोट हनुवटीवरून ओघळला. दुसरा घशाखाली उतरला, हे नीट पाहूनच तिने तिसरा दिला. दुधातली साखर सावकाश लागू पडते, पण पडते. पलीकडे पंगतीत हसणं चालू होतं, आणि अलीकडे एक बाई ओगराळ्या-ओगराळ्याने परत येत होती. थोड्या वेळाने बाळाबाईच्या डोळ्यांत ओळख आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, माझ्यात पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं :

"अगं, पंगत उठायची हाय अजून. उष्टं केलंस व्हय समदं?"

मंगल तेव्हा रडली.

नवरीचे वडील पडदा सारून आले. टेबल दोनची बासुंदी का थांबली, हे बघायला. त्यांना सगळं सांगितलं. भला माणूस होता. म्हणाला, "अहो, आधी सांगायचं ना. मागच्या मागे काहीतरी खायला दिलं असतं." मग माझ्याकडे बोट करून हनुमंतला म्हणाला, की ती बादली काही आता पंगतीत नेऊ नका. आणि गेला. वाईट माणूस असता तर माझा राग सोपा झाला असता. तो घाईत होता. घरी कुठल्याही पाहुण्याला उपाशी न पाठवणाऱ्या त्या माणसाला, दिवसभर आपल्या पंगतीत उभ्या असलेल्या बायका जेवल्या का, हे विचारायचं सुचलंच नाही. त्यांची सोय दुसऱ्या कुणाकडे दिली आहे, अशी त्याची समजूत होती. हनुमंतची समजूत होती की लॉन बघेल. लॉनची, की हनुमंत. सगळ्यांनी एकमेकांवर सोपवलेलं ते एक जेवण कुणाकडेच नव्हतं.

माझ्यातली उरलेली बासुंदी त्यांनी मोरीत ओतली. 'उष्टी' म्हणून. तिथे उभ्या असलेल्या, सकाळपासून उपाशी बायकांच्या देखत. माझ्या तळाला त्या दिवशी पोचा आला. आता सपाट जागेवर उभी केली तर मी डुगडुगते.

यातून काहीतरी सुधारलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. सुधारलं. पुढच्या लग्नाच्या सकाळी हनुमंत टेम्पोच्या दारात उभा राहून प्रत्येक बाईला विचारू लागला, साखर आहे का, दाब आहे का, फिट येते का. असेल तिने घरी जायचं. भांडी घासताना बायका हे सांगत होत्या आणि त्याची नक्कल करून हसत होत्या. नाश्ता मात्र अजूनही घरच्या पाहुण्यांपुरताच आहे. आजारी पडणारी माणसं वगळली, उपाशी ठेवणं तसंच राहिलं. प्रयोगात चूक सापडल्यावर चूक न काढता मोजमापाचं यंत्रच फेकून द्यावं, तसं हे झालं.

आणि त्या सकाळी माझ्या कडीला ओळखीचा हात लागला. मोज्याच्या आत तीच बोटं. मंगल मागे उभी होती. बाळाबाईलाही हनुमंतने दारात विचारलं होतं. तिने त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, "न्हाई बाबा, मला काय बी न्हाई." तोही तिला ओळखत होता. त्याने मान वळवली आणि तिला चढू दिलं, कारण तिच्यासारखा हात त्याला दुसरा मिळत नाही.

मित्रांनो, म्हणून माझी विनंती ऐका. मला घासा, पुसा, पोचा काढा, असं मी मागत नाही. मी पोलादाची आहे, माझं चालेल. तुम्ही पुढच्या लग्नात पानावर बसाल, तेव्हा वाढणारीकडे मान वर करून बघा. तिला तिच्या भांड्याच्या नावाने हाक मारू नका. तिला विचारा, "तुम्ही जेवलात का?" ती 'व्हय' म्हणेल. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. तिच्या हाताकडे बघा. ओगराळं थरथरत असेल, तर आपल्या पानासमोरची खुर्ची सोडा, तिला बसवा, आणि कॅमेऱ्याला दिसेल असं वाढा.