सर्व्हरला लावलेलं कुंकू

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या औषधांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आमोदचा तोरा काही औरच होता. का नसावा? लॅब, स्टोअर, डिस्पॅच, सगळ्यांच्या फायली त्यानेच एका सर्व्हरवर आणल्या होत्या. कोणता फोल्डर कोणी नुसता बघायचा आणि कोणी त्यात लिहायचं, हेही तोच ठरवायचा. फ्लॉपी घेऊन मजले चढणं बंद झालं होतं. बॅकअपचं कोणी विचारलं की म्हणायचा, "काळजी नको, दर शनिवारी कॉपी होते." होत होती खरी, पण त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरात. घराच्या दोन्ही किल्ल्या घरातच ठेवून दार ओढून घ्यावं, तशातली गत. वेगळी डिस्क मागवायची राहूनच गेली होती. आहे ती महिनाभर टकटक करत होती, तेही त्याने कानाआड केलं.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. कापडे गावच्या सयाजी शिपायाने मोठ्या भक्तीने सर्व्हरलाही झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. सर्व्हरच्या खोलीचं दार उघडून दिलं ते आमोदनेच, आणि वर पेढाही खाल्ला.

दोनच दिवसांत डिस्क बसली. लॅबचे वर्षभराचे रिपोर्ट गेले. मॅनेजर करमरकर तणतणत आले, तर सर्व्हरच्या जाळीत अक्षता अडकलेल्या आणि खाली कुंकू सांडलेलं.

"हे कोणाचं काम?"

"मी लावलं, सायेब," सयाजी म्हणाला.

"आत कचरा गेला असणार. काय रे आमोद?"

बंद डबीतल्या डिस्कला कुंकू शिवतही नाही, हे त्या खोलीत एकट्या आमोदला ठाऊक होतं. तरी त्याची मान हलली, आणि होकारार्थीच हलली. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच! पन्नाशीतल्या सयाजीची रवानगी यार्डात झाली, रसायनांची पिंपं लोटायला.

त्यानंतर आमोदला स्वतःची लाज वाटू लागली. सयाजी समोरून आला की तो वाट बदलायचा. दिवाळीच्या तोंडावर मात्र त्याला राहवेना. सुटीच्या वेळी त्याने सयाजीला गेटपाशी गाठलं.

"सयाजीमामा, तुमच्या कुंकवाने काही झालं नाही. डिस्क आधीच जात आली होती, मला कळत होतं. बॅकअपही मी धड ठेवला नव्हता. चूक माझी आहे."

सयाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माज्यासाठी खोटं बोलता ना, सायेब? तुमी मोठ्या मनाचे. मी गावच्या देवाला गाऱ्हानं घातलंय, माज्या हाताचा दोष सायबाच्या नोकरीला लागू देऊ नको."

"अहो, खोटं नाही हे!"

"ऱ्हाऊ द्या. करमरकर सायबांना असं काय सांगू नका हां. तुमचं नाव उगाच खराब होईल."

करमरकरांच्या केबिनमध्ये अजून दिवा होता. आमोद तिकडे बघत उभा राहिला. एवढ्यात दोघांच्याही वाटेची पोलादपूरची बस लागली, माणसं आत घुसली. खिडकीतून सयाजीचा आवाज आला, "या सायेब, जागा धरलीय!"

सीटवर त्याचा रुमाल टाकलेला होता. त्याला पिंपांचा उग्र वास येत होता. सयाजीने तो उचलून खांद्यावर टाकला आणि स्वतः दांडा धरून उभा राहिला.

आमोदने एकदा मागे केबिनकडे पाहिलं. मग तो त्या जागेवर बसला.