पट्टी की केबल

सासूबाईंनी अंध विद्यार्थ्यांसाठी एका पुस्तकाची बारा प्रकरणं मोठ्याने वाचून आपल्या आवाजात संगणकावर रेकॉर्ड केली होती. त्यानंतर त्यांनी नवी कवळी बसवली.

"आता ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते," त्या म्हणायच्या. "ही प्रकरणं गेली, तर पुन्हा वाचणं माझ्याच्यानं होणार नाही."

आणि जुनी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली होती.

त्यांचा धाकटा मुलगा दोन नव्या डिस्क घेऊन आला. एक ठेवायची, दुसरी दुकानात परत. एक होती केबलने जोडायची साटा. दुसरी मदरबोर्डवर थेट बसणारी, च्युइंगगमच्या पट्टीएवढी एनव्हीएमई.

"वहिनी, पट्टीच लावू. केबलवाली म्हणजे बैलगाडी!"

"आईंचा आवाज बैलगाडीतूनही वेळेवर पोचेल," सून म्हणाली. ती प्रयोगशाळेत काम करायची. "वाचनाला एवढा वेग लागतच नाही."

"लावून तर बघू!"

पट्टी बसली, संगणक सुरू झाला. नवी डिस्क दिसली. जुनी मात्र गायब.

"माझी प्रकरणं कुठायत?" सासूबाईंचा आवाज बारीक झाला.

"आई, जुनीला मी हातसुद्धा लावला नाही!"

"म्हणूनच रुसली असेल."

सुनेने मदरबोर्डची पुस्तिका उघडली. पट्टीच्या खाचेत काही बसवलं, की शेवटची दोन साटा पोर्ट, म्हणजे केबल जोडायच्या जागा, बंद पडतात, असं तळटिपेत लिहिलं होतं. जुनी डिस्क नेमकी शेवटच्या पोर्टला होती.

"डिस्क ठीक आहे. तिचं दार आपणच लावलंय."

तिने केबल पहिल्या पोर्टला जोडली. बाराच्या बारा प्रकरणं पडद्यावर हजर झाली.

"वहिनी, केबलवालीच ठेवू या," दीर घाम पुसत म्हणाला. "उगाच जिवाला घोर."

"का? आता कारण कळलंय. पट्टीचा काय दोष?"

"कुठलीही ठेवा," सासूबाई म्हणाल्या, "पण मी सगळं ऐकल्याशिवाय जुनी काढायची नाही."

त्यांचा चष्मा पुसून होईपर्यंत प्रकरणं नव्या पट्टीवर उतरलीसुद्धा.

"इतक्यात? मग अर्धीच आली असणार."

त्यांनी मुलाच्या हातात पुस्तक दिलं, शेजारी बसवलं आणि पहिलं प्रकरण लावलं. त्याने ओळीवर बोट ठेवून ताडून बघायचं. तिसऱ्या प्रकरणात त्याने मान वर केली.

"वहिनी, हे जरा भरभर ऐकता येत नाही का?"

"येतं की. आईंना विचारा."

"गप बस, ओळ चुकशील," सासूबाई म्हणाल्या आणि त्याचं बोट धरून पुन्हा ओळीवर ठेवलं.