घरी सगळं बरं आहे

हा नान हातात धरून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर हाच नान मला बाधो. ही शेजारीण हमरो आत्ताच हसायला लागलीय, हसू दे तिला. माझं काही तिला खरं वाटत नाही, पण गोष्ट संपेपर्यंत जागची हलतही नाही.

माझी सून मुहय्यो इथं आमच्या कुवा गावच्या शाळेत इंग्रजी शिकवते. मुख्याध्यापकांनी तिला बोलावून सांगितलं, वरच्या पातळीचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर शरदात तुमचे तास नव्या मुलीला देऊ. आणि आमचं घर चालतं तिच्या पगारावर. माझा मुलगा ओदिल रशियात बांधकामावर. आधी पैसे यायचे, मग नुसते फोन, मग तेही थांबले. त्यानं तिकडे दुसरं बिऱ्हाड केलंय हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं, आणि आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तर मुहय्यो अंगण झाडताना, तंदूरमध्ये नान लावताना अवघड शब्द पुटपुटत राहायची. एक दिवस झाडू टाकून मला म्हणाली (सासूलाही ती आईसारखं ओयीच म्हणते), पाठ होतात हो ओयी, पण टिकत नाहीत, ओल्या भिंतीच्या पोपड्यांसारखे गळून पडतात.

मी म्हटलं, तू अर्थ सांग, चिकटवायचं काम माझं.

'गॅरुलस' म्हणजे उगाच बडबड करणारा. म्हटलं, ही आपली हमरो. पुतण्याच्या लग्नात ती आशीर्वाद द्यायला उभी राहिली, आणि तिचा आशीर्वाद संपला तेव्हा पुलाव गार झाला होता आणि नवरीचं मूल रांगत होतं. 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हट्टी. तर माझ्या सासऱ्यांचं गाढव एकदा रुळांवर जे बसलं ते बसलंच, शेवटी अंदिजानची आगगाडी डाळिंबाच्या बागेतून वळवून न्यावी लागली. मुहय्यो हसून हसून पीठ सांडायची, आणि शब्द पक्का बसायचा.

मग एकदा 'एस्ट्रेंज्ड' म्हणाली. मी अर्थ विचारला. ती तंदूरमध्ये बघत राहिली. म्हणाली, "जे माणूस आधी आपलं होतं, आणि आता परकं झालंय."

त्याला काही माझ्याकडे गोष्ट नव्हती. पुढचा घे, म्हटलं.

परीक्षा फर्गाना शहरात होती. लिहिणं, वाचणं नीट झालं. मग समोरासमोर बोलायची वेळ आली. परीक्षक बाईंनी विचारलं, तुमच्या जवळचं कुणी, जे आता पूर्वीसारखं राहिलं नाही, त्याच्याबद्दल सांगा. सगळे शब्द जिभेवर तयार होते. पण ही माझी सून छातीवर हात ठेवून, फाटकात कुणी विचारपूस केल्यावर सांगावं तशी म्हणाली, देवाच्या दयेनं घरी सगळं बरं आहे. नवरा बरा आहे. सासूबाई बऱ्या आहेत. बाईंनी पुन्हा विचारलं. तर हिनं उलट त्यांनाच विचारलं, तुमच्या घरचे बरे आहेत ना?

झालं. गुण कमी पडले.

मी चिडले. म्हटलं, त्या बाईला काय ठाऊक ओदिल कोण नि बोकड कोण. ती कुणाच्या दारात सांगायला जाणार होती?

"ओयी, घरातलं बाहेर कसं बोलू? तुमचा मुलगा आहे तो."

तिचा आवाजच असा होता की माझा राग विरून गेला. ती बिचारी तास घालवायला तयार होती, पण माझ्या पोराला नावं ठेवायला नाही.

शरदाच्या आधी आणखी एक परीक्षा होती. एका दुपारी मी तिला द्राक्षाच्या मांडवाखाली बसवलं, चहा ओतला आणि म्हटलं, आता मी परीक्षक. ओदिलबद्दल सांग. इंग्रजीत.

"तुमच्या तोंडावर?"

"मी आई आहे त्याची. मी सांगते तेव्हा बोलायचं."

तिनं पुन्हा सगळं बरं आहे असं सुरू केलं. मी चहाची वाटी आपटली. ती थांबली. मग बोलायला लागली, आणि लागली ती लागलीच. आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. मला एक अक्षर कळत नव्हतं. एक 'एस्ट्रेंज्ड' तेवढा ओळखीचा, तो आला तेव्हा मी मान हलवली. हमरो चाळणी मागायला आली होती, ती इंग्रजीचा तो लोंढा ऐकून फाटकातच थिजली. तिची वाचा आठवडाभर बंद, मोहल्ल्यात एवढी शांतता की कोंबड्या बिथरल्या.

बोलून झाल्यावर मुहय्यो माझ्याकडे बघत म्हणाली, "ओयी, रडताय?"

"परीक्षक रडत नसतात. तू शब्द गिळतेस मधेमधे. पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. रोज दुपारी म्हटलं. मला वाटायचं, ही माझ्या पोटच्या पोराचंच काहीतरी सांगतेय आणि मी हिला चहा ओतून देतेय. पण मी ओतत राहिले.

दुसऱ्या खेपेला प्रमाणपत्र मिळालं. तास राहिले. त्या संध्याकाळी ओदिलचा फोन आला. कसं चाललंय म्हणून त्यानं विचारलं, आणि मुहय्योनं त्याला 'सगळं बरं आहे' असं सांगितलं नाही. जे होतं ते सांगितलं, चांगल्या उझबेकमध्ये, आणि तो ऐकत राहिला.

अशी बघू नकोस गं हमरो. गाढव खरं आहे, आगगाडी खरी आहे. फोन तेवढा नव्हता आला.