रजयांखालचे सात महिने

मित्रांनो, मी एक जुना मासिक पाळीचा कप आहे. जुना म्हणजे नऊ वर्षांचा. माझ्या जातीत एवढे वय झाले की पिकले पानच म्हणायचे. मऊ सिलिकॉनचा देह, घंटेसारखा आकार, खाली चिमटीत धरायला छोटेसे शेपूट. पाळीच्या दिवसांत बाईच्या शरीरात राहून रक्त झेलायचे, ते ओतून दिले की धुऊन पुन्हा कामावर, हा माझा धंदा.

मला विकत घेतले गणवेशांच्या कारखान्यातल्या एका शिलाईवालीने. दिवसभर मशीनवर बसून पॅडने तिच्या मांड्या सोलवटून निघत. संडासाला जायचे तर मुकादमीणबाईंची परवानगी लागे, तीही दिवसातून दोनदाच.

पण मला घरी आणले आणि तिचा धीर सुटला. सासूबाईंनी पाहिले तर? तिने मला पावडरच्या रिकाम्या डब्यात कोंबले आणि डबा कपाटात रजयांखाली ढकलला. तिथे मी सात महिने काढले. आत काळोख, पावडरचा उग्र वास, वर रजयांचे ओझे. दर महिन्याला झाकण उघडे, दोन भेदरलेले डोळे दिसत. "पुढच्या खेपेला नक्की," असे ती पुटपुटे आणि झाकण पुन्हा घट्ट बसे. कामासाठी जन्मलेल्याला याहून मोठी शिक्षा कोणती?

आठव्या महिन्यात तिच्या स्टुलावर डाग पडला. "जा, घरी जाऊन बदलून ये. सगळ्या बघताहेत," मुकादमीणबाई भर ओळीत म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला पातेलीत उकळायला टाकले.

"हे काय गं शिजवतेस?" मागून सासूबाईंचा आवाज आला.

"बाटलीचं बूच आहे, आई."

सासूबाईंनी पातेलीत एकदा डोकावून पाहिले आणि त्या कपबशा विसळू लागल्या.

त्या दिवशी तिने निर्धास्तपणे शिलाई मारली. मला केवढा अभिमान वाटला! पण संध्याकाळी न्हाणीघरात मी काही केल्या बाहेर येईना. ती शेपूट ओढी, तसा मी आत अधिकच घट्ट चिकटे. मलाही सुटायचे होते हो! ती घामाने निथळत होती.

दारावर थाप पडली. "अगं, किती वेळ? काय झालं?"

ती हुंदका देत म्हणाली, "आई, ते... आत अडकलंय."

आता बोलणी बसणार, असे मला वाटले. पण सासूबाईंनी दवाखान्यात आया म्हणून उभा जन्म काढला होता. त्या दाराबाहेर खाली बसल्या.

"आधी ओढायचं थांबव. ते पोटात कुठं पळून जात नाही, पुढची वाट बंद असते. उकिडवी बस. श्वास सोड. आता हळूच जोर दे. खाली आलं? शेपूट सोड, बूड चिमटीत दाब."

तिने दाबले. आत हवा शिरली आणि मी अलगद सुटलो.

ती बाहेर आली तेव्हा सासूबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. "बूच म्हणे! दूधखुळी समजलीस मला? रजया उन्हात कोण घालतं? डबा कधीच बघितलाय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले. आमची फडकी आम्ही परकराखाली लपवून वाळवायचो. आमच्या सासूबाईंनीही कधी विचारलं नाही. मला तरी कुठं विचारता आलं?"

तेव्हापासून माझ्यासाठी वेगळी पातेली आहे. कारखान्यात परवानगी मात्र अजून दोनदाच मिळते. त्या कोंडमाऱ्यावर माझ्याजवळ उपाय नाही.

आता माझी कड पिवळी पडली आहे, लवकरच मी रजा घेईन. मित्रांनो, माझ्या भाईबंदांना नीट उकळा, कोरडे करा, हवा लागेल अशा कापडी पिशवीत ठेवा. आणि घरातली एखादी गप्प गप्प दिसली, तर ती आपणहून बोलेल म्हणून वाट पाहू नका. जवळ बसा आणि तुम्हीच आधी विचारा.