पोचवणीचं गाणं

प्रणाली हिलमच्या नावावर काय नाही, विचारा! तीन चित्रपट, एक कथासंग्रह, मुंबईच्या पोरांसोबत काढलेला बँड, परदेशातले दोन पुरस्कार. रेवदंड्याच्या खाडीवरच्या कातकरीवाडीतली पोर विमानानं जगभर फिरून आली. पण ज्या पहिल्या चित्रपटानं तिला हे सगळं दिलं, तो वाडीत कधी दाखवलाच नव्हता. तिची आई, आवडाबाई, दाखवू देत नव्हती.

"आधी दुसरं गाणं घाल त्यात," एवढंच ती म्हणायची.

या वाडीची रीतच तशी. माणूस गेलं की बाराव्याच्या जेवणाला त्याला गाऊन बोलवायचं. जेवणं उरकली की दुसरं गाणं म्हणून, नाव घेऊन, त्याला पोचवायचं. ही गाणी एकट्या आवडाबाईला येत. तो पहिला चित्रपट अशाच एका बाराव्याचा. चित्रीकरणात तिनं कॅमेऱ्यामागे उभं राहून दोन्ही गायली, पण महोत्सवाला अर्ध्या तासाचा चित्रपट हवा होता, म्हणून लेकीनं दुसरं कापलं. मोठी दिग्दर्शक ना!

"आये, पिक्चर हाय तो. खरं बारावं न्हाय," असं वर आईलाच ऐकवलं.

तीन वर्षांपूर्वी आवडाबाई गेली. तिचं बारावं गाण्यावाचूनच झालं, त्यानंतर गेलेल्यांचंही. प्रणाली मात्र दर रविवारी पनवेलच्या खोलीत तो चित्रपट लावायची आणि डोळे मिटून आईचा आवाज ऐकायची. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

यंदा वाडीतल्या रावजीकाकानं तो वाडीत दाखवायचा हट्टच धरला. भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, भिंतीवर चादर ताणली. आवडाबाईचा आवाज सुरू झाला आणि बाराव्याची पंगत दिसली. पंगतीत नऊ माणसं होती, प्रणालीनंच बसवलेली. आज चादरीवर ती पंगत संपेचना.

"अगं बाई, माझी प्राप्ती!" एक बाई ताडकन उठली. तिची लेक गेल्या पावसाळ्यात खाडीत बुडाली होती.

"आणि तो गेल्या साली वारलेला मोरू बघा! कोपऱ्यात!"

जेवणं कधीच झालेली, पत्रावळी वाळून वळलेल्या, तरी कुणी उठत नव्हतं. सगळे मुकाट बसून वाट बघत होते. आणि टोकाला, शेवटच्या दिवशी नेसवलेल्या हिरव्या लुगड्यात, आवडाबाई.

प्रणालीनं घाईघाईनं लॅपटॉप मिटला. प्रोजेक्टरची वायरही उपटली. पंगत हलली नाही, गाणंही थांबलं नाही.

"इतकी वर्षं पिक्चर लावून लावून बोलावलंस," रावजीकाका म्हणाला, "पोचवलं कुणालाच न्हाईस. म्हण आता दुसरं."

"मला येत न्हाय, काका."

धडधडीत खोटं! गाणं कापायचं तरी आधी शंभरदा ऐकावं लागतं. ते तिला श्वासागणिक पाठ होतं. पण ते म्हटलं की आई जाणार. मग रविवार कसे काढायचे?

प्राप्तीच्या आईनं तिचे पाय धरले. "जाऊ दे गं माझ्या लेकीला, बाय. किती दिस बसल ती?"

तेव्हा प्रणाली गायली. एकेक नाव घेतलं, तसं एकेक माणूस उठलं आणि पाठ फिरवून खाडीच्या बाजूला चालू लागलं. प्राप्ती गेली. मोरू गेला. शेवटी आवडाबाई एकटी उरली आणि प्रणालीचं गाणं थांबलं.

"बस ना गं आये, थोडी," ती पुटपुटली.

आवडाबाई पदर खांद्यावर घेऊन, निघायच्या तयारीनं, लेकीकडे बघत राहिली. फार थकलेली दिसत होती.

"नाव घे पोरी," काका हळूच म्हणाला.

आईचं नाव तिनं जन्मात कधी तोंडानं घेतलं नव्हतं.

"आवडा," ती म्हणाली.

आई उठली. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी प्रणालीनं सवयीनं चित्रपट लावला आणि डोळे मिटले. तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. कुणीतरी भात मागितला, खोकलं, हसलं. तिनं आवाज पार वरपर्यंत वाढवला आणि डोळे उघडले. पंगतीतली नऊ माणसं निवांत जेवत होती. गाणं म्हणणारं कुणीच नव्हतं.