हात धुतले नसतील

मित्रांनो, माणसांच्या रक्तातलं शिसं मोजून मोजून दमलेला मी एक जुना मीटर आहे. दिसायला जेवणाच्या डब्याएवढा. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब मला द्यायचा आणि तीन मिनिटं थांबायचं. मग माझ्या पडद्यावर आकडा उमटतो.

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कारखान्याच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं काढली. सुरुवातीला काय कौतुक होतं माझं! मुकादम येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायचे. पुढे आकडे वाढू लागले आणि मी त्यांच्या डोळ्यांत खुपू लागलो.

बोटावर शिशाची धूळ असली की आकडा फुगतो, हे खरं आहे. मुकादमांना तेवढंच पुरलं. आकडा मोठा आला की ते म्हणायचे, "हात धुतले नसतील." कामगार ओशाळून हसायचा. वहीत 'पुन्हा तपासणे' असा शेरा पडायचा, आणि पुन्हा कुणी तपासायचं नाही. मलाही मग आकडा दाखवायचा कंटाळा येऊ लागला.

एकदा भट्टीवरचा कामगार आपल्या तीन वर्षांच्या लेकीला घेऊन आला. "पोट दुखतं म्हणते, नर्सताई. बोलायला लागली होती, तेही कमी झालंय."

माझ्या पडद्यावर पंचेचाळीस उमटले. त्या वयाला पाचसुद्धा जास्त.

"हात धुतले नसतील," मुकादम दारातूनच म्हणाले.

नर्सताई पोरीला नळाकडे घेऊन गेल्या. त्यांनी साबणाने तिचं एकेक बोट धुतलं, पुसलं आणि दुसऱ्या बोटातून थेंब घेतला. चव्वेचाळीस.

"ही कधी भट्टीवर येते का?"

"छे हो! घरीच असते. मी पोचलो की धावत येते, मग उचलून घेतो. याच कपड्यांत..." तो आपल्या धुळीने माखलेल्या कपड्यांकडे बघू लागला. नर्सताईंनी वही उघडली. त्याच्या नावापुढे चार वर्षांपूर्वीचा शेरा होता, 'पुन्हा तपासणे'. मला फार वाईट वाटलं.

पोरीला मोठ्या दवाखान्यात नेलं. आकडा हळूहळू उतरतोय. शब्द किती परत येतील, ते मला मोजता येत नाही.

परवा ती आईबरोबर तपासणीला आली. भट्टीवरून आलेल्या बापाला पाहताच आईचं बोट सोडून धावली. तो झटकन मागे सरला. "लांब राहा! बाबाची आंघोळ व्हायचीय." तिने पसरलेले हात खाली घेतले आणि रडू लागली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माझे दिवस भरत आलेत. पण मी आकडा दाखवला की त्याच दिवशी पुन्हा तपासा. चार वर्षांपूर्वी तपासलं असतं, तर धूळ घरी जाण्याआधी कारखान्यातच थांबली असती, आणि त्या बापाला लेकीपासून मागे सरावं लागलं नसतं.