पाडणारा सोफा

मी सोफा बोलतोय. तीन माणसं बसतील एवढा लांब, आत लाकूड, वर काथ्या आणि स्पंज, कापड मातकट हिरवं. पाय म्हणाल तर चार, पण त्यातले खरे तीनच. चौथा खोटा होता. त्या खोट्या पायावर मी नाव कमावलं आणि एका माणसाचं वाटोळं केलं. दोन्ही एकाच वेळी झालं, त्यामुळे कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. जन्मापासूनच करतो.

माझा जन्म टीव्हीच्या एका स्टुडिओतला. तिथल्या सुताराने मला तीन दिवसांत उभा केला, कारण चौथ्या दिवशी शूटिंग होतं. नवी विनोदी मालिका सुरू व्हायची होती. घाईघाईत डावीकडच्या पुढच्या पायाला त्याने आखूड खिळा मारला. एवढीच चूक.

मालिकेतला नवरा भांडखोर होता. बायकोशी वाद घालायचा, जिंकलो असं स्वतःच ठरवायचा आणि ऐटीत माझ्यावर बसायचा. पहिल्याच भागात तो म्हणाला, "बसलो म्हणजे बसलो," आणि बसला. माझा पाय निघाला. तो डावीकडे कलंडला, जमिनीवर धप्पकन आदळला, वर टेबलावरची वर्तमानपत्रं त्याच्या तोंडावर. समोर बाकांवर ऐंशी प्रेक्षक बसवले होते. ते इतके हसले की कॅमेरावाल्याचाही हात हलला.

सुतार पुढे आला. आपली नोकरी गेली, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. त्या वेळचा दिग्दर्शक डोळे पुसत त्याला म्हणाला, पाय दुरुस्त करू नकोस, दर भागात निघेल असा कर.

मग सुताराने खिळ्याऐवजी लाकडी खुंटी बसवली आणि तिला दोरी बांधली. शूटिंगच्या वेळी तो माझ्या मागे पालथा पडून राहायचा आणि "बसलो म्हणजे बसलो" ऐकलं की दोरी ओढायचा. डावीकडे जमिनीवर एक जाड गादी असायची. तेव्हाचे टीव्ही जवळजवळ चौकोनी होते, त्यामुळे ती गादी चित्राच्या बाहेर राहायची. दोनशे अकरा भाग झाले. दोनशे अकरा वेळा मी त्याला पाडला.

मला मजा यायची. खोटं कशाला बोलू? सोफ्याच्या नशिबी काय असतं? लोक येतात, बूड टेकतात, फटीत शेंगांची टरफलं कोंबतात, ओले हात पुसतात. मला मात्र लोक बघायला यायचे. तो पडला की हशा त्याला मिळायचा, पण पाडायचो मी, हे मी कधी विसरलो नाही.

त्याचं खरं नाव लोक विसरले. छत्तिसाव्या वर्षी तो सगळ्यांचा धप्पकाका झाला. रस्त्यात पोरं त्याच्यासमोर मुद्दाम पडून दाखवायची. एखाद्या समारंभात तो बसायला गेला की कुणीतरी शहाणा मागून खुर्ची ओढायचा आणि आजूबाजूचे टाळ्या वाजवायचे. तोही उठून कपडे झटकायचा आणि हसायचा. शूटिंग संपलं की सुतार त्याच्या कमरेला मलम चोळायचा. सुताराला त्याची दया यायची. मला नाही यायची.

मालिका बंद झाल्यावर त्याने एक गंभीर नाटक घेतलं. त्यात तो बाप होता. मुलगा गेल्याची बातमी येते आणि बाप खुर्चीत बसतो, असा प्रसंग. हे मी पाहिलेलं नाही, पुढे त्याची लेक कुणाला तरी सांगत होती ते ऐकलंय. तो बसला आणि सगळं नाट्यगृह हसलं. तो तसाच बसून राहिला, आता पडेल मग पडेल म्हणून लोक आणखी हसले. तिसऱ्या रांगेत ही लेक होती, अकरा वर्षांची. तीही हसली. नाटकाचे तीन प्रयोग झाले, मग कुणी बोलावलं नाही.

मी गोदामात गेलो. एकतीस वर्षं तिथे काढली. मधूनमधून कुणाच्या तरी मालिकेत प्रेत ठेवायला न्यायचे आणि परत आणून टाकायचे. उंदरांनी माझ्या पोटात तीन पिढ्या वाढवल्या. सुतार वारला, हे मला हमालांच्या बोलण्यातून कळलं.

मग एके दिवशी मला झाडून पुसून एका चकचकीत ऑफिसात नेऊन ठेवलं. जुनी मालिका नव्याने करायची होती. माझ्यावर तिघं आणि समोर दोघं बसले आणि मालिकेची चिरफाड सुरू झाली. एक म्हातारा लेखक म्हणाला, जुनं ते सोनं, हात लावू नका, लोकांना आठवणीत राहू द्या. चॅनेलचा साहेब म्हणाला, सोनं आहे ना, मग मोडून नवा दागिना करू, पेटीत ठेवून कुणाच्या अंगावर दिसणार आहे? मग त्यांनी जुने भाग लावून आजच्या लोकांना काय चालणार नाही ते काढायला घेतलं. बायकोच्या अकलेवरचे विनोद गेले. जाड्या शेजाऱ्यावरचे गेले. तोतऱ्या पोस्टमनवरचे तर पहिल्या फटक्यात गेले. जुने भाग बघताना पाचही जण पोट धरून हसत होते आणि हसून झालं की तो विनोद खोडत होते. शेवटी राहिलं घर, दार, मी आणि पडणं.

नवी दिग्दर्शिका चाळिशीला टेकलेली बाई होती. लहानपणी दर आठवड्याला तिने ही मालिका पाहिली होती. धप्पकाकाशिवाय होणे नाही, असं तिने हट्टाने सांगितलं. तिचं त्याच्यावर खरंच प्रेम होतं. द्वेष करणारीने त्याला निदान घरी तरी बसू दिलं असतं.

तो आला. एकाहत्तर वर्षांचा, केस विरळ, शर्ट कडक इस्त्रीचा. मला बघून थबकला, मग वाकून माझा चौथा पाय चाचपला. शेवटच्या भागात नव्या नायकाचा बाप म्हणून यायचं आणि एकदा पडायचं, एवढंच काम होतं. तो म्हणाला, "पडतो की. पण आधी मला थोडं बोलू द्या."

बाईने त्याच्यासाठी दोन पानं लिहिली आणि चांगली लिहिली. म्हातारा बाप मुलाला सांगतो की सोफ्यावर मधे कोण बसणार यावरून मी तुझ्या आईशी जन्मभर भांडलो. आता ती नाही, सगळा सोफा माझाच आहे, तर मधे बसवत नाही. मग तो डोळे पुसतो, जुनी ऐट आणतो, तेच जुनं वाक्य म्हणतो आणि पडतो.

शूटिंगला त्याच्याबरोबर लेक आली होती. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, सुटी काढून आली होती. माझ्यावर बसून तिने त्याला शेवटचं समजावून पाहिलं.

"बाबा, बोला आणि घरी चला. पडायचं त्यांना दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेऊ दे."

"दोन पानं आहेत गं," तो म्हणाला. "आख्खी दोन पानं. एकतीस वर्षांत मला कुणी दोन ओळी दिल्या नाहीत."

लेकीने त्याची कॉलर नीट केली. तिला काय आठवलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

तालीम झाली. तो दोन पानं बोलला आणि सेटवर कुणी हललं नाही. मेकअपवाली नाक पुसत होती. त्याने ते पाहिलं, मला त्याच्या बसण्यातून कळलं. इतक्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदाच पूर्ण भार टाकून बसला होता.

तेवढ्यात कॅमेरावाला म्हणाला, गादी दिसतेय. आताचे टीव्ही लांबरुंद. जुन्या चौकोनाबाहेर जे लपायचं ते सगळं आता चित्रात येत होतं. गालिच्याखाली पातळ गादी घालता आली असती, पण ती मागवून बसवायला दुपार झाली असती. धप्पकाकाने सेटकडे बघितलं. सगळे अजून शांत होते. दुपारपर्यंत ही माणसं जेवून येतील, गप्पा मारतील, आणि ही शांतता पुन्हा मिळणार नाही, अशी भीती त्याला वाटली असणार. लेक दवाखान्यातून फोन आला म्हणून बाहेर गेली होती.

"गादी काढा," तो म्हणाला. "मला सवय आहे."

दिग्दर्शिकेने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आता दोरी नव्हती. माझ्या पायात छोटी मोटर बसवली होती आणि एकाच्या हातात बटण होतं. लाकडाला अडता येत नाही, असं म्हणून मी हात झटकू शकतो. पण खरं सांगतो, मला अडायचंच नव्हतं. एकतीस वर्षं मी कुणाला पाडून हशा मिळवला नव्हता. तो बोलला, तालमीपेक्षाही सुरेख बोलला, आणि मी त्याला पाडला.

खुब्याचं हाड मोडलं. तो आवाज मला ऐकू आला, बाकी कुणाला नाही. "कट" म्हटल्याशिवाय हलायचं नाही हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं, म्हणून तो चेहऱ्यावर हसू ठेवून तसाच पडून राहिला. काय सुंदर पडलाय, असं समजून दिग्दर्शिकेने कॅमेरा आणखी थोडा वेळ चालू ठेवला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेक आत आली ती टाळ्या ऐकूनच.

ऑपरेशन झालं, आत सळई घातली, पण पाय धड झाला नाही. चार पावलं वॉकर धरून, बाकी आडवं. दोन महिन्यांनी दिग्दर्शिकेने मला भेट म्हणून त्याच्या घरी पाठवलं. चौथा पाय स्क्रू मारून पक्का केला होता. नव्या मालिकेसाठी राखाडी रंगाचा नवा सोफा घेतला होता, हे मी हमालांकडून ऐकलं आणि चरफडलो.

मागोमाग ती स्वतः आली. तो आत झोपला होता. ती लेकीबरोबर माझ्यावर बसली आणि पिशवीचा बंद पिळू लागली. मग म्हणाली की मालिका टीव्हीवर दाखवण्याआधी बावीस तरुण मुलामुलींना बसवून सगळे भाग दाखवले. काका बोलले तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येईल इतके सगळे शांत होते. आणि पडले तेव्हाही तेवढेच शांत होते. एका मुलीने विचारलं, आजोबांना लागलं का. त्यानंतर भाग संपेपर्यंत कुणी हसलंच नाही. म्हणून तो प्रसंग काढला.

"नुसतं बोलणं ठेवा ना," लेक म्हणाली.

दिग्दर्शिका म्हणाली, तसंही करून बघितलं. पण विनोदी मालिकेच्या शेवटी एक म्हातारा येतो, रडवतो आणि जातो, याला काही अर्थ लागत नाही. मग ती रडली. लेकीने तिला पाणी दिलं. मला दोघींचाही राग आला.

लेकीने बापाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिली. तोवर त्याने डॉक्टरला, व्यायाम करून घेणाऱ्या बाईला, वरच्या मजल्यावरच्यांना, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की शेवटचा, आठवा भाग चुकवू नका, पण सुरुवातीपासून बघा म्हणजे कळेल. दर आठवड्याला तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून माझ्यावर पडून बघायचा. नवी मालिका चांगली होती. मला हे सांगताना त्रास होतो, पण होती. कुणी पडत नव्हतं, कुणाची टर उडवत नव्हतं, तरी तो हसायचा. हसला की दुखायचं, तरी हसायचा.

आठवा भाग संपला. नावं वर सरकत गेली. आभारांच्या यादीत त्याचं नाव आलं, जेवण पुरवणाऱ्याच्या खाली. त्याने टीव्ही बंद केला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मी वाईट बोललो का?"

लेक माझ्याजवळ जमिनीवर बसली. "नाही, बाबा. त्यांनी आधी बावीस जणांना दाखवलं होतं. तुम्ही बोलत होतात तेव्हा एकही जण हसला नाही. सगळे ऐकत होते."

त्याची पाठ सैल झाली. एवढं एकच त्याला हवं होतं. तिथे थांबला असता तर बरं झालं असतं, पण तो नट होता.

"आणि पडलो तेव्हा?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "तेव्हाही नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही."

त्याने रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मग काढलं ते बरोबर केलं. मीही काढलं असतं." आणि हळूहळू, कण्हत, माझ्या पाठीकडे तोंड करून वळला. माझ्या कापडात त्याचं तोंड होतं, म्हणून तो रडत होता हे लेकीला दिसलं नाही.

तेव्हापासून तो माझ्यावरच असतो. व्यायामाच्या बाईला येऊ नका म्हणून सांगितलंय. शर्टाला इस्त्री नाही. मी त्याला घट्ट धरून ठेवतो, पण आता त्याचा काय उपयोग?

जुन्या मालिका नव्याने करायच्या की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. आजच्या लोकांसाठी करायच्या असतील तर खुशाल करा. पण नवी माणसं घ्या, नवं सामान घ्या, आणि आम्हाला हाक मारू नका. हाक मारलीत तर आम्ही येऊ. नाही म्हणणार नाही, वेळेआधी येऊन बसू, मोडेपर्यंत काम करू, एवढे आम्ही मूर्ख आहोत. म्हणून सांगतो, तुम्हीच बोलावू नका.